डोळ्यांनी करून घेतलेली वाटणी

मोतीबिंदूच्या पेशंटचा केसपेपर लिहिताना ‘चष्मा आहे का?’ हा प्रश्न ठरलेला. ‘आहे’ म्हटले की चष्मा लेन्सोमीटरखाली जातो आणि नंबर कागदावर उतरतो. ‘नाही’ म्हटले की त्या रकान्यात रेघ पडते. पण पासष्टीचा माणूस दूरचे बघायलाही चष्मा नाही आणि पेपर वाचायलाही नाही असे सांगत असेल, तर तिथे रेघ मारून चालत नाही. चाळिशी कुणालाच चुकलेली नाही. ती ज्याला जाणवलीच नाही, त्याच्या डोळ्यांनी आपापसांत काहीतरी सोय लावून घेतलेली असते. ही सोय बहुधा एकाच प्रकारची असते : एक डोळा दूरचे बघतो, दुसरा जवळचे.

या वाटणीचे मोनोव्हिजन हे नाव आपल्याकडे काँटॅक्ट लेन्सच्या व्यवहारातून आले. पुढे लॅसिकवाल्यांनी तोच प्रकार लेसरने कॉर्नियावर उतरवला. मोतीबिंदूनंतर दोन्ही डोळ्यांत साधी भिंगे बसवून हाच परिणाम साधल्याचे बोअर्नर आणि थ्रॅशर यांनी १९८४ साली लिहिले. आपल्याकडचा, विशेषतः तालुक्याच्या गावातला, मोनोव्हिजनचा पेशंट मात्र बहुतेक वेळा यांतल्या कुठल्याच वाटेने आलेला नसतो. त्याचा एक डोळा तरुणपणापासून दीड-दोन नंबरने मायनस, दुसरा साफ. शाळेत फळा दिसत होता म्हणून कुणी तपासले नाही, चाळिशीत पेपर दिसत होता म्हणून तो स्वतः आला नाही. आपल्या एका डोळ्याला लांबचे पुसट दिसते, हे त्याला दुसरा डोळा झाकल्याशिवाय कळायचा प्रश्नच नसतो. विचारले तर तो अभिमानाने सांगतो, ‘आमच्या घरात कुणालाच चष्मा नाही.’

उदाहरणच घ्यायचे तर शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईंचे घेऊ. उजवा डोळा शून्य, डावा उणे सव्वादोन. डाव्यात मोतीबिंदू जास्त पिकला म्हणून तो आधी केला. ऑपरेशन निर्वेध झाले, भिंग नेमके बसले, आठव्या दिवशी डावा डोळा विनाचष्म्याचा ६/६. आपण खूश. बाई मात्र गप्प. मग हळूच म्हणतात, ‘मॅडम, लांबचं मला आधीही दिसत होतं. आता सुईत दोरा कुणी ओवायचा?’ त्यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर असते, ‘जवळचा नंबर लागतोच आजी, सगळ्यांनाच लागतो.’ ते खरे आहे, पण या बाईंना तो आजवर लागला नव्हता. आपण लावला.

या अंकात भिंगांच्या निवडीवर तीन लेख आहेत आणि तिन्ही कोणते भिंग घ्यावे याविषयी आहेत. कुणाच्या डोळ्यात घ्यावे, ही बाजू संपादकीयात मांडावी असे वाटले. आमचे मत असे : ज्याला मोनोव्हिजनची सवय आहे आणि ते ज्याला मानवले आहे, त्याला मोतीबिंदूनंतरही तेच द्यावे, ज्या डोळ्याकडे जे काम होते ते त्याच डोळ्याकडे ठेवावे, आणि त्यासाठी साधी मोनोफोकल भिंगे वापरावीत. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच. पण या पेशंटच्या बाबतीत वेगळे काही करायचे असेल तर कारण आपण द्यायला हवे. पूर्वीसारखेच ठेवायला कारण लागू नये.

काँटॅक्ट लेन्स वापरणारा पेशंट तर हमखास निसटतो, आणि तोही आपल्याच सूचनेमुळे. बायोमेट्रीआधी सॉफ्ट लेन्स किमान आठवडाभर बंद ठेवा, असे आपण सांगतो. आरजीपी असेल तर त्याहून बरेच जास्त, दोन भेटींतली के-रीडिंग जुळेपर्यंत. मग मोजमापाच्या दिवशी तो कपाटातला जुना बायफोकल लावून येतो. त्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना पूर्ण नंबर दिलेला असतो आणि केसपेपरवर तोच उतरतो. गेली पंधरा वर्षे डाव्या डोळ्यात सव्वा नंबर कमीची लेन्स घालून तो ऑफिसचे सगळे काम चष्म्याविना उरकत होता, हे कागदावर कुठेच येत नाही. लेन्सच्या डब्यावरचा नंबर मागितला तर अर्ध्या मिनिटात कळते. तेवढे मागायचे असते.

उलट बाजूने होणारी फसवणूकही ओळखली पाहिजे. न्यूक्लियर मोतीबिंदू एका डोळ्यात आधी पिकला की तो डोळा मायनसकडे सरकतो. पेशंट म्हणतो, ‘दोन वर्षांपासून चष्मा सुटला, वाचता यायला लागलं.’ हेही मोनोव्हिजनच, पण उपरे. मेंदूने ते अंगवळणी पाडलेले असेलच असे नाही. अशा वेळी जुना चष्मा किंवा जुनी चिठ्ठी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तरी बायोमेट्रीचा कागद पुष्कळ सांगतो. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन डायऑप्टर. दोन्हीकडची के-रीडिंग सारखी, मायनस डोळा २४.१ मि.मी. आणि दुसरा २३.२ असेल, तर सव्वादोन-अडीचचा फरक डोळ्याच्या घडणीतलाच आहे, जन्माचा सोबती. पण दोन्ही डोळे २३.३ च्या आसपास, कॉर्नियाही सारखे आणि तरीही नंबरात अडीचचा फरक असेल, तर तो मोतीबिंदूने आणलेला आहे आणि मोतीबिंदूबरोबरच जाईल. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मि.मी.हून जास्त फरक आला की मोजमाप पुन्हा घ्यायची शिस्त बऱ्याच ठिकाणी आहे. मशीन चुकले नाही याची खात्री झाली की फाइल पुढे सरकते. पण तो फरक खरा निघाला, म्हणजे पेशंटला एक प्रश्न विचारायचा राहिला आहे.

उपऱ्या मोनोव्हिजनवाल्यांपैकीही काहींना ती दोन वर्षे आवडलेली असतात. अशांच्या बाबतीत पर्याय खुला आहे, फक्त त्याला सवय म्हणू नये. नव्या पेशंटला मोनोव्हिजन देताना जी चाचपणी आपण करतो, ती सगळी इथे करावी.

आता डोळ्यांच्या बाजूंविषयी. पाठ्यपुस्तक सांगते की डॉमिनंट डोळा दूरसाठी. कागदाला भोक पाडून त्यातून समोरच्या भिंतीवरचे अक्षर बघायला लावायचे, म्हणजे डॉमिनंट डोळा कळतो. तरुणपणापासून एक डोळा मायनस असलेल्या माणसावर ही चाचणी घेऊन काय सिद्ध होणार? ज्या डोळ्याला दूरचे दिसते तोच तो पुढे करणार. त्यात मोतीबिंदू एका बाजूला जास्त असेल तर उत्तर आणखी फिरते. शिवाय कित्येकजण डॉमिनंट डोळ्याने वाचत आणि दुसऱ्याने लांबचे बघत वर्षानुवर्षे सुखात असतात. अशा पेशंटची वाटणी ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळावा. इथे कागदाच्या भोकापेक्षा पेशंटच्या वीस वर्षांचा पुरावा मोठा.

बाजू बदलण्यातला खरा धोका तिरळेपणाच्या पेशंटमध्ये आहे. लहानपणचा, कमी कोनाचा, कधी लक्षातही न आलेला तिरळेपणा असतो. एक डोळा कायम नजर धरतो आणि दुसऱ्याची प्रतिमा मेंदू बाजूला सारतो. अशा माणसाच्या नजर धरणाऱ्या डोळ्याला आपण जवळचे काम दिले, तर दूरचे बघताना दुसऱ्या डोळ्याला पुढे यावे लागते. पण मेंदूची दुर्लक्ष करायची सवय मात्र जुन्याच बाजूची असते. परिणाम म्हणजे ऑपरेशननंतर एकाचे दोन दिसणे, आणि तेही डोळे अगदी नेमके ‘बसले’ असताना. म्हणून कव्हर टेस्ट आणि वर्थ फोर डॉट मोतीबिंदूच्या ओपीडीतही व्हायला हवी. पाच मिनिटांचे काम आहे. गर्दीच्या दिवशी ती पाच मिनिटे कुठून आणायची हा प्रश्न आहे, हे मान्य. पण ज्यांच्या दोन डोळ्यांत दीडहून जास्त नंबराचा फरक आहे, निदान तेवढ्यांसाठी ती काढावीत.

पूर्वीसारखेच ठेवण्याला मोठा अपवाद पडद्याचा. मोनोव्हिजनमध्ये वाचण्याचे काम एकट्या डोळ्यावर येते, त्याला जोडीदाराची मदत नसते. त्या डोळ्यात मधुमेहाची सूज असेल, मॅक्युलाखाली ड्रुसेन साचू लागले असतील किंवा काचबिंदूने नजरेच्या मध्याजवळ डाग पाडला असेल, तर उद्या वाचन जाणार आणि त्याचा ठपका भिंगावर येणार. मधुमेहाचे प्रमाण आपल्याकडे जेवढे आहे, ते पाहता जवळच्या डोळ्याचा ओसीटी या पेशंटमध्ये ऐच्छिक मानू नये. पडदा संशयास्पद असेल तर सवय असूनही दोन्ही डोळे एका पातळीवर आणावेत आणि वाचायचा चष्मा आधीच कबूल करून घ्यावा.

आता आकडा, म्हणजे जवळच्या डोळ्याचे टार्गेट. जुनाच फरक जसाच्या तसा उतरवणे सोपे वाटते, पण त्यात एक खोच आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी काँटॅक्ट लेन्समधल्या सव्वा नंबराच्या फरकावर जो वाचत होता, त्याच्या डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगातही तेव्हा थोडी ताकद शिल्लक होती. प्लास्टिकच्या भिंगात ती नाही. उणे सव्वाचा डोळा ८० सेंटीमीटरवर स्पष्ट बघतो, उणे दीडचा सुमारे ६७ वर, उणे दोनचा ५० वर. मोबाइल आपण ३५-४० सेंटीमीटरवर धरतो. बारीक बाहुली आणि डोळ्याची अंगची ‘डेप्थ ऑफ फोकस’ मिळून पाऊण ते एक नंबराची भर घालतात, म्हणून उणे दीड-पावणेदोनवर बहुतेकांचा मोबाइल आणि मराठी पेपर निभतो. औषधाच्या बाटलीवरची अक्षरे निभत नाहीत. सव्वावर कॉम्प्युटर आणि स्वयंपाकघर छान, पोथी नाही. अडीचवर पोथी छान, पण अनेकांना दोन डोळ्यांतली फारकत जाणवू लागते आणि मधल्या अंतराची पोकळीही पडते.

म्हणून ज्याचा जुना फरक सव्वाच्या खाली होता आणि ज्याला वाचायचे आहे, त्याला दीडच्या आसपास न्यावे, त्यापुढे नको. नैसर्गिक अडीचचा फरक असलेल्याला दोन-सव्वादोन द्यायला घाबरू नये, कारण तेवढा फरक त्याने आयुष्यभर पेलला आहे. त्याला ‘सुरक्षित’ म्हणून सव्वावर आणून ठेवले की त्याच्या दृष्टीने आपण त्याचे वाचन निम्मे केले. शिंप्याला, सोनाराला, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला कामाचे अंतर टेपने मोजून विचारावे. ‘जवळचं’ या शब्दात प्रत्येकाचे अंतर वेगळे असते.

भिंगाच्या प्रकाराबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. दुकानाच्या दरपत्रकासारखी पॅकेजे रिसेप्शनवर लावलेली असतात. मोनोफोकल खाली, ईडॉफ मध्ये, ट्रायफोकल वर, आणि ‘चष्मामुक्ती’ या शब्दाचा बाण वरच्या दिशेने. मोनोव्हिजनचे नाव त्या यादीत नसते, कारण त्याला वेगळे खोके लागत नाही. तेच भिंग, फक्त पॉवर वेगळी. जे विकता येत नाही ते काउन्सेलरच्या तोंडी येत नाही, त्यात काउन्सेलरचा दोष नाही.

ट्रायफोकलची बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये मल्टिफोकल आणि मोनोव्हिजन यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली आणि २०१३ साली ती प्रसिद्ध केली. मल्टिफोकलच्या गटात सुमारे ७१ टक्के लोक चष्म्याशिवाय राहिले, मोनोव्हिजनच्या गटात सुमारे २६ टक्के. फरक ठळक आहे. पण त्या अभ्यासात जवळच्या डोळ्याचे टार्गेट अवघे उणे सव्वा होते, आणि मल्टिफोकल गटातल्या सहाजणांची भिंगे काढून बदलावी लागली. मोनोव्हिजनमध्ये एकाचेही नाही. शिवाय ते पेशंट मोनोव्हिजनची सवय असलेले म्हणून निवडलेले नव्हते. आपला पेशंट वेगळा आहे. त्याच्या मेंदूने एका डोळ्याचा पुसटपणा बाजूला टाकायला शिकून कित्येक वर्षे झाली आहेत. त्याला ट्रायफोकल देणे म्हणजे येत असलेली विद्या सोडायला लावून दिव्यांभोवतीची वलये आणि कमी झालेला कॉन्ट्रास्ट सोसायची नवी विद्या शिकवणे. स्वतःहून मागितली आणि समजून मागितली, तर द्यावी. आपण होऊन पुढे करू नये. मोनोफोकल-प्लस किंवा ईडॉफ प्रकारच्या भिंगाने मधले अंतर सुधारते आणि जवळच्या डोळ्याचे टार्गेट थोडे सौम्य ठेवता येते, हा मार्ग ठीक आहे. बसवल्यानंतर प्रकाशाने पॉवर जुळवता येणाऱ्या भिंगांना अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. मोनोव्हिजनसाठी कल्पना सुंदर. आपल्या बहुसंख्य वाचकांच्या ओटीचा मात्र आज तो विषय नाही.

दूरच्या डोळ्यातला सिलिंडर पाऊणहून जास्त उरणार असेल तर टोरिकचा खर्च तिथे करावा. दूरचे सगळे त्या एकाच डोळ्यावर असते, तिथे काटकसर नको.

लॅसिकने मोनोव्हिजन करून घेतलेली पिढी आता मोतीबिंदूला येऊ लागली आहे, आणि तिच्यात आकड्यांचा घोळ दुहेरी आहे. लेसरने सपाट केलेला कॉर्निया आपली नेहमीची यंत्रे खऱ्याहून जास्त ताकदीचा समजतात. त्यामुळे भिंगाची पॉवर कमी निघते आणि डोळा प्लसमध्ये जातो. बॅरेट ट्रू-के किंवा हायगिस-एल वापरून हे बरेचसे सावरता येते. लक्षात राहत नाही ती गोष्ट अशी की मोनोव्हिजनच्या लॅसिकमध्ये दोन्ही डोळ्यांवर सारखे लेसर झालेले नसते. जवळच्या डोळ्यावर कमी झालेले असते, कधी झालेलेच नसते. म्हणून दोन्ही डोळ्यांना एकच सूत्र डोळे मिटून लावता येत नाही आणि पहिल्या डोळ्यात आलेल्या चुकीवरून दुसऱ्याचा अंदाज बांधताना जपावे लागते. जुने कागद हरवले असतील तर टोपोग्राफी काढल्याखेरीज पॉवर ठरवू नये.

कोणता डोळा आधी? मोतीबिंदू दोन्हीकडे सारखा असेल तर दूरचा आधी करावा. तो शून्यावर बसला की दुसऱ्याचे टार्गेट निवांतपणे ठरवता येते. पॉवरच्या अर्ध्या पायरीने चष्म्याच्या पातळीवर सुमारे ०.३५ चा फरक पडतो, हे ध्यानात ठेवून पहिल्या डोळ्याची चूक दुसऱ्यात थोडी भरून काढता येते. पण दूरचा डोळा अनपेक्षितपणे उणे पाऊणवर बसला तर? तर जवळच्याला उणे सव्वादोनपर्यंत ढकलून ‘फरक’ जपायचा की नाही, हा प्रश्न सोडवण्याआधी दूरच्या डोळ्याचे काय करायचे ते ठरवा. पेशंटला फरक नको आहे, त्याला दूरचे दिसायला हवे आहे.

दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन होईपर्यंतच्या मधल्या काळाविषयीही पेशंटला सांगून ठेवावे. शिवणकामाच्या बाईंसारख्या पेशंटच्या डाव्या डोळ्याला वाचनाचे भिंग बसवले आणि उजव्यात मोतीबिंदू तसाच आहे, म्हणजे काही आठवडे त्यांना लांबचे पुसट दिसणार. शेजारीण त्यांना विचारणारच, ‘ऑपरेशन होऊनही दिसत नाही?’

हे सगळे सांगितल्यावर मोनोव्हिजनची काळी बाजू झाकून ठेवणे बरे नाही. १९ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर उतरताना डेल्टा एअरलाइन्सचे उड्डाण ५५४ धावपट्टीच्या अलीकडच्या दिव्यांच्या सांगाड्यावर आदळले. जीवितहानी झाली नाही. चौकशीत कॅप्टनच्या मोनोव्हिजन काँटॅक्ट लेन्स हे एक कारण ठरले. पाण्यावरून येताना, खुणा अपुऱ्या असताना, त्याला खोलीचा अंदाज सुधारता आला नाही. अमेरिकेत वैमानिकांना अशा लेन्स घालून उड्डाण करायला मनाई आहे. २०१९ साली बर्ज, रॉड्रिग्ज-लोपेझ आणि डोरोनसोरो यांनी आणखी एक गंमतशीर आणि काळजीची गोष्ट दाखवली : पुसट प्रतिमा मेंदूत काही मिलिसेकंद आधी पोचते, त्यामुळे आडवी जाणारी वस्तू खरी आहे त्याहून जवळ किंवा दूर भासते. पुल्फ्रिखने १९२२ साली एका डोळ्यापुढे गडद काच धरून सांगितलेल्या भासाचाच हा उलटा प्रकार. एसटीचा ड्रायव्हर, ट्रकवाला, क्रेनवाला, उंच मचाणावर काम करणारा गवंडी यांना सवय असली तरी कामाच्या वेळी दोन्ही डोळे दूर जुळवणारा चष्मा द्यावा, आणि रात्री गाडी हाकणाऱ्या प्रत्येकालाच द्यावा. परवान्यासाठी वैद्यकीय दाखल्यावर सही करताना दोन्ही डोळे वेगवेगळे तपासलेले असावेत, हे वेगळे सांगायला नको.

तो चष्मा देताना एक हिशेब करावा. दोन नंबराचा फरक भरून काढणाऱ्या काचांतून पेशंट मध्यबिंदूच्या एक सेंटीमीटर खालून बघू लागला की प्रेंटिसच्या नियमाने दोन प्रिझमचा उभा फरक पडतो. म्हणून त्या चष्म्यात बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह घालू नये. तो फक्त दूरचा असावा, आणि वाचताना काढून ठेवावा.

शेवटचा मुद्दा डिस्चार्ज कार्डाचा. आपल्याकडची छापील कार्डे भिंगाची पॉवर आणि सीरियल नंबर चिकटवायला जागा ठेवतात, टार्गेटला ठेवत नाहीत. सहा महिन्यांनी पेशंट गावच्या चष्म्याच्या दुकानात जातो. तिथला मुलगा एक डोळा झाकतो आणि सांगतो, ‘तुमच्या या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलंय, नंबर राहिलाय.’ झाले. पुढची पायरी म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांकडे धाव, आणि कधी लेसरने तो डोळा ‘सुधारून’ घेणे. तेव्हा कार्डावर हाताने का होईना, मराठीत एक ओळ लिहावी : उजवा डोळा दूरसाठी, डावा वाचनासाठी, डाव्याचा उणे पावणेदोन नंबर मुद्दाम ठेवला आहे. खाली सही आणि हॉस्पिटलचा फोन. नवीन कार्डे छापायला टाकणाऱ्यांनी त्या ओळीसाठी भिंगाच्या स्टिकरशेजारी जागा सोडावी.